एक मिलिमीटर ढील

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. खंबाटकीला बोगदा व्हायचा होता. पुण्याहून साताऱ्याला जाणारी आणि येणारी सगळी वाहने एकाच घाटातून एकमेकांना अंग चोरून वाट देत असत. मामांची जुनी गाडी निम्मा घाट चढली आणि इंजिन ओरडू लागले. ओरडणे वाढले, वेग मात्र उतरला. पाठोपाठ तो वास आला. ज्याने तो एकदा घेतला आहे तो पुन्हा विसरत नाही. जळलेले केस, तापलेला तवा आणि डांबर यांच्या मधला कुठला तरी. मामा म्हणाले, ‘‘क्लच गेला.’’ गाडी कडेला लावली, चाकांना दगड लावले आणि तासभर बसून राहिलो. तासाभराने मामांनी सहज म्हणून गाडी चालू करून पाहिली, तर क्लच ठणठणीत! गाडी घाट चढून वर आली आणि पुढे दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच.

रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडले, पेडल हाताने दाबून पाहिले आणि विचारले, ‘‘वरचा सिलिंडर नवा टाकलाय का?’’ टाकला होता, चारच दिवसांपूर्वी, पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये. मेस्त्री पेडलखाली आडवे झाले. दोन पाने, एक लॉकनट, अर्धा आटा. दोन मिनिटांचे काम. हात पुसत ते म्हणाले, ‘‘दाजी, तेलाला माघारी यायला वाट ठिवली न्हाई कुनी. पेडल टकाटक लागावं म्हून सगळी ढील काढून टाकली बघा.’’ त्यांनी पाच रुपये घेतले. मामांनी दहा दिले. साताऱ्यापर्यंत आणि नंतरही कित्येक वर्षे त्या क्लचने पुन्हा तक्रार केली नाही.

तेलाला माघारी यायला वाट! मला ते वाक्य त्या वेळी कळले नव्हते. मेस्त्री काहीतरी गूढ बोलून गेले एवढेच वाटले. पुढे यंत्रांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला आणि जुन्या दुरुस्ती-पुस्तिका रद्दीच्या दुकानांतून गोळा होऊ लागल्या, तेव्हा ध्यानात आले की त्या अर्ध्या आट्यामागे जवळपास साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो मोटारींच्या नेहमीच्या इतिहासात सापडत नाही. तिथे इंजिने असतात, शर्यती असतात, राजेरजवाड्यांच्या गाड्या असतात. क्लच नसतोच. असला तरी परिशिष्टात.

मुळात क्लच हवाच कशाला? वाफेच्या इंजिनाला तो लागत नव्हता. वाफ सिलिंडरमध्ये सोडली की इंजिन जागेवरून भार ओढत निघते. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव वेगळा. ते आधी स्वतः फिरले पाहिजे, मगच दुसऱ्याला फिरवील. उभ्या गाडीला फिरते इंजिन एकदम जोडले तर एक तर गाडी उडी मारील किंवा इंजिन मरेल. म्हणून फिरते आणि थांबलेले यांच्यामध्ये हळूहळू भेट घडवून आणणारा कोणी तरी मध्यस्थ लागतो. मध्यस्थाची गरज कारखान्यांना मोटारीच्या कितीतरी आधी पडली होती. कापडगिरणीत छताखालून एक लांब लोखंडी दांडा अखंड फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक मागावर उतरत. मागाच्या आसावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत, एक आसाला पक्की बसवलेली आणि दुसरी सैल, नुसती फिरणारी. पट्टा सैल पुलीवर असला की माग थांबलेला, दांडी ओढून पट्टा पक्क्या पुलीवर सरकवला की माग चालू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या ताडदेवच्या गिरणीपासून पुढे मुंबईत जी शेकडो धुरांडी उभी राहिली, त्यांच्या खाली हेच चालले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या विणकऱ्यांना क्लच हा शब्द माहीत असो वा नसो, दिवसातून पन्नास वेळा ते तो ‘सोडत’ आणि ‘धरत’ होते.

कार्ल बेंझने जानेवारी १८८६ मध्ये ज्या तीनचाकीचे पेटंट घेतले, तिच्यात कारखान्यातलीच ही युक्ती उचललेली दिसते. पट्टा, एक सैल पुली, एक पक्की पुली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या माहेरी, याच धर्तीच्या गाडीतून गेली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतले आणि झिजलेल्या ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना एका चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना या प्रवासात जन्मली असे मानतात. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो चांभार. मोटारीच्या इतिहासातला पहिला मेस्त्री तोच आणि त्याचे नाव मात्र आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.

चामडे पुढे पंचवीस-तीस वर्षे क्लचमध्येही राहिले. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पानार आणि लेव्हासोर या कंपनीत एमिल लेव्हासोरने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरपेटी आणि ओढ मागच्या चाकांना अशी मांडणी पक्की केली. ती इतकी टिकली की आपल्याकडचे ट्रक आजही तिच्यावरच चालतात. त्या काळातला क्लच शंकूच्या आकाराचा. फ्लायव्हीलमध्ये एक खोलगट शंकू, त्यात बरोबर बसणारा दुसरा शंकू आणि त्यावर चामडे. पेडल सोडले की स्प्रिंग एकाला दुसऱ्यात दाबून बसवी.

हे चामडे मोठे लहरी होते. सुकले की क्लच एकदम पकडे आणि गाडी बैलासारखी धक्का देऊन निघे. तेल लागले की घसरे. सुकलेल्या चामड्याला शोफर मंडळी एरंडेल किंवा जनावरांच्या खुरांचे तेल चोळत. घसरणाऱ्या चामड्यावर मुलतानी मातीची पूड टाकत, कारण ती तेल शोषून घेते. आपल्या आज्या ज्या दोन गोष्टी न्हाणीघरात ठेवत, त्याच युरोपातला शोफर हत्यारांच्या पेटीत ठेवत होता. ‘क्लच जुळवणे’ म्हणजे त्या काळी हे होते, थोडे तेल, थोडी माती आणि हाताचा अंदाज. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टलाही, जिच्यावर आपल्या संस्थानिकांचा विशेष जीव होता, असाच चामड्याचा शंकू होता.

चामड्याची जागा ज्या पदार्थाने घेतली त्याची कथा मात्र इतकी गमतीची नाही.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ होता. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचा तुकडा लावतात हे पाहून त्याने सुती कापडात चिकट द्रव्ये मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कारखाना निघाला. आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून, त्यात एक ई घालून त्याने नाव तयार केले, फेरोडो. घोडागाडीपुरते सूत ठीक होते, पण मोटारीच्या उष्णतेत ते जळे. म्हणून १९०८ च्या सुमारास सुताच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस आले. हा दगड, पण त्याचे तंतू निघतात, सूत कातता येते, कापड विणता येते आणि ते जळत नाही. पितळेची तार घालून विणलेल्या या अस्तराने क्लचचा आकारच बदलला. शंकू गेला आणि सपाट तबकडी आली, म्हणजे आज जिला आपण ‘क्लच प्लेट’ म्हणतो ती. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी रेटलेली प्रेशर प्लेट आणि मध्ये दोन्ही अंगांना अस्तर लावलेली तबकडी, सँडविचसारखी.

अ‍ॅस्बेस्टॉस विणणाऱ्यांचे काय झाले? इंग्लंडमधल्या रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केर्शॉ ही स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती फुप्फुसांच्या विकाराने गेली. डॉ. कूक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. मृत्यूचे कारण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ असे वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेले हे पहिले प्रकरण समजतात. कंपनीने जबाबदारी नाकारली. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या धुळीवर नियम आले, पण ते कारखान्यापुरते. गाडीखाली झोपून क्लचच्या घंटेसारख्या कवचातली काळी भुकटी तोंडाने फुंकणाऱ्या, पुढे कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणाऱ्या मेस्त्रीला ते नियम लागू नव्हते. फेरोडो कंपनी १९२० च्या दशकातच टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या अ‍ॅस्बेस्टॉस समूहात सामील झाली होती.

१९५० च्या दशकात हा उद्योग मुंबईत आला. घाटकोपरला आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना उभा राहिला. ब्रेकचे अस्तर आणि क्लचचे फेसिंग तिथे होऊ लागले. थोडे पुढे भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी होती. लोकांना ती लॅम्ब्रेटामुळे ठाऊक, पण ती क्लच आणि ब्रेकच्या यंत्रणाही बनवत असे. म्हणजे देशातल्या क्लचचा मोठा हिस्सा काही काळ कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यात तयार होत होता आणि तिथले कामगार बहुतांशी मराठी होते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १९९५ मध्ये निकाल लागला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, रोग सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली आणि प्रत्येकाच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत पुढची असेल तोवर, ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षे का, तर हा रोग तितका काळ वाट पाहू शकतो. निकाल कारखान्यांपुरता होता. रस्त्याकडेच्या शेडमधल्या मेस्त्रीच्या आरोग्याची नोंद कोणी ठेवायची, हा प्रश्न त्यात नव्हता आणि तसा तो कुठेच नव्हता.

असो. पुन्हा त्या अर्ध्या आट्याकडे.

सपाट तबकडीचा क्लच स्थिरावला तेव्हा पेडल आणि क्लच यांच्यामध्ये लोखंडी दांड्या असत, नाहीतर केबल. इथे क्लचचा एक विचित्र गुण सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ब्रेक झिजला की पेडलची ढील वाढते, पेडल खाली जाऊ लागते. हे कोणालाही पटते. क्लचचे उलट आहे. क्लच झिजला की ढील कमी होते. तबकडी पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे पुढे सरकते. तिला मागे ओढणारी बोटे तराजूच्या दांडीसारखी मध्येच टेकलेली असल्यामुळे त्यांची बाहेरची टोके पुढे गेली की आतली टोके मागे येतात, दाब देणाऱ्या बेअरिंगच्या अंगावर. बेअरिंग आणि बोटे यांच्यामध्ये ठेवलेली फट अशी रोज केसाकेसाने मिटत जाते. ती पूर्ण मिटली की कोणी पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहतो. मग तो घसरतो, घसरला की तापतो, तापला की अधिक झिजतो, झिजला की आणखी दाबला जातो. म्हणून दर काही हजार किलोमीटरला मेस्त्री नट फिरवून ती फट पुन्हा उघडून देत असे. फट फार मोठी झाली तर दुसरे दुखणे. पेडल तळाला टेकले तरी क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरत पडतो. या दोन दुखण्यांमधली जागा काही मिलिमीटरची. गॅरेजमध्ये तिला कोणी ‘प्ले’ म्हणतात. आमच्या मेस्त्रींचा शब्द होता ‘ढील’, पतंगाच्या मांजाला देतात तो. मला तो जास्त बरोबर वाटतो, कारण प्लेमध्ये नुसती मोकळी जागा आहे आणि ढीलमध्ये ती कोणीतरी दिलेली आहे.

दांड्यांच्या जागी तेल कसे आले, हा इतिहास क्लचचा नव्हे, ब्रेकचा. त्याच्या मुळाशी पास्कल आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो हे तत्त्व त्याच्या प्रबंधात आहे, जो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. त्याचे यंत्र करायला सव्वाशे वर्षे गेली. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये द्रवदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले आणि त्याच्यापुढे लगेच उभा राहिला तो पुढच्या सगळ्या मेस्त्रींना छळणारा प्रश्न, गळती. उत्तर निघाले ते चामड्याच्या वाटीच्या रूपात. वाटीचे तोंड दाबाकडे ठेवायचे. दाब वाढला की वाटीची कड फाकते आणि भिंतीला अधिकच घट्ट चिकटते. याचे श्रेय सहसा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला देतात. आपल्या गाडीच्या क्लच सिलिंडरमधले चाळीस-पन्नास रुपयांचे रबरी वायसर म्हणजे तीच वाटी.

मोटारीत हे आणले अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने. मूळ आडनावाचे स्पेलिंग भलतेच होते आणि लोक ते चुकीचे उच्चारत, म्हणून भावांनी उच्चाराप्रमाणे लिहायला सुरुवात केली. त्याचा भाऊ अ‍ॅलन विमानांकडे वळला आणि ते नाव विमानांमुळे जगभर गाजले. चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक असलेली ड्यूझेनबर्ग १९२१ मध्ये आली. सुरुवातीच्या सिलिंडरांत वाट्या चामड्याच्याच असत आणि त्या गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या रबराच्या केल्या आणि १९२४ च्या क्रायस्लरमुळे ही पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत पोचली. त्या काळी नळ्यांतून वाहणारे ‘तेल’ म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेले एरंडेल. पुन्हा एरंडेल! आधी क्लचच्या चामड्याला वरून चोळले जाणारे, आता ब्रेकच्या नळीतून दाब वाहून नेणारे. खनिज तेल का नाही, तर नैसर्गिक रबर त्यात फुगते. आजही कोणी घाईत क्लचच्या डबीत इंजिन ऑइल ओतले तर वाट्या फुगून यंत्रणा जाम होते आणि मग ‘कंपनीचा मालच खराब’ अशी तक्रार होते.

क्लचला द्रवदाब मिळाला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याची कारणे व्यवहाराची होती. इंजिन आता मऊ रबराच्या ठोकळ्यांवर बसू लागले होते, म्हणजे ते हलणार, आणि त्याला दांड्यांनी पेडल जोडले तर प्रत्येक हेलकावा पायाला कळणार. पेडल जमिनीतून वर येण्याऐवजी वरून लोंबू लागली. शिवाय युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला गाड्या निर्यात करायच्या होत्या, काही देशांत उजव्या हाताच्या तर काही देशांत डाव्या हाताच्या. दांड्यांची यंत्रणा प्रत्येक बाजूसाठी वेगळी करावी लागे, तेलाची नळी मात्र हवी तशी वाकवून कुठूनही नेता येते. लेमिंग्टन येथील ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीकडे लॉकहीडचे ब्रेकही होते आणि बोर्ग अँड बेकचे क्लचही. एकाच छपराखाली दोन्ही असताना ब्रेकची नळी क्लचला जोडायला फार मोठी प्रतिभा लागली असेल असे वाटत नाही. १९५९ ची मिनी आली तेव्हा इंजिन आडवे, क्लच एका बाजूला, जागा मुळीच नाही. तिथे नळीच धावून आली.

या यंत्रणेत दोन सिलिंडर, पेडलपाशी वरचा आणि क्लचपाशी खालचा. समजा वरच्याचा व्यास पाच अष्टमांश इंच आणि खालच्याचा सात अष्टमांश. पाचाचा वर्ग पंचवीस, साताचा एकोणपन्नास, म्हणजे खाली ताकद जवळजवळ दुप्पट आणि हालचाल जवळजवळ निम्मी. पेडलच्या तरफेची पाचपट त्यात धरली तर पायाच्या दहा किलोंचे खाली अठ्ठ्याण्णव किलो होतात. पण हाच हिशेब उलटा वाचला की मेस्त्रीचे काम कळते. खालच्या दांडीच्या टोकाला दोन मिलिमीटर ढील ठेवली तर पायाला ती सुमारे दोन सेंटिमीटर जाणवते. ढील वाढली की क्लच ‘खाली’ धरतो आणि मिटली की ‘वर’. गाडी शिकवणारे मास्तर ‘वरून सोड, वरून सोड’ म्हणून ओरडतात तेव्हा ते न कळत या दोन मिलिमीटरांविषयीच बोलत असतात.

जुन्या पुस्तिकांत या जुळवणीचे वर्णन फार काटेकोर आहे. खालच्या काट्याची ओढस्प्रिंग काढा, काटा हाताने पुढे-मागे हलवून पाहा, लॉकनट सैल करा, दांडी फिरवा, पुन्हा पाहा, लॉकनट आवळा. १९६१ च्या जग्वार ई-टाइपला एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. नंतरच्या डायफ्राम स्प्रिंगच्या मिनीला काटा आणि त्याला अडवणारा स्क्रू यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर ओळखायला पट्टी उपयोगाची नाही, फीलर गेज लागते, किंवा अनुभवी बोट.

वरची ढील वेगळी, आणि आमच्या घाटातला घोटाळा तिचा. वरच्या सिलिंडरच्या भिंतीत डबीकडे जाणारे एक बारीक छिद्र असते. पेडल पूर्ण सुटलेले असताना पिस्टन त्या छिद्राच्या मागे असला पाहिजे, म्हणजे नळीतले तेल आणि डबीतले तेल एक होते. इंजिन तापले, तेल फुगले, तर ते त्या छिद्रातून वर जाते. थंड झाले तर खाली येते. पेडलची दांडी आणि पिस्टन यांच्यात एखादा मिलिमीटर मोकळा ठेवायचा तो पिस्टनला पूर्ण मागे येता यावे म्हणून. पुण्यातल्या त्या गॅरेजवाल्याने पेडल ‘टकाटक’ लागावे, पायाला जराही पोकळ वाटू नये म्हणून तो मिलिमीटर काढून टाकला. छिद्र झाकले गेले. घाटात इंजिन तापले, तेल फुगले, वर जायला वाट नाही, मग त्याने खालच्या पिस्टनला रेटले आणि कोणाचा पाय नसताना क्लच सुटू लागला. तासाभरात सगळे थंड झाले, तेल आक्रसले, क्लच पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला. तेलाला माघारी यायला वाट ठेवली नव्हती, हे मेस्त्रींचे निदान अक्षरशः खरे होते.

जग्वारनेच साठच्या दशकात पुढच्या मॉडेलांत ही जुळवणी काढून टाकली. खालच्या काट्याची ओढस्प्रिंग गेली. बेअरिंग बोटांना अगदी हलके टेकून राहू लागले आणि तबकडी झिजून बोटे मागे आली की ती पिस्टनला मागे ढकलतात, पिस्टन तेलाला ढकलतो आणि तेल त्याच बारीक छिद्रातून डबीत परत जाते. झीज आपोआप भरून निघते. जपानी गाड्यांतही हेच झाले. डॅटसन २४०झेडच्या पहिल्या गाड्यांत दांडीला आटे होते, नंतरच्या गाड्यांत नाहीत. या यंत्रणेतली एक गंमत चांगल्या मेस्त्रींनाच ठाऊक असते. ब्रेक झिजतात तशी त्यांच्या डबीतली पातळी उतरते, पण क्लच झिजतो तशी त्याच्या डबीतली पातळी किंचित चढते. डबी पाहून ‘तेल वाढलंय, प्लेट संपत आली’ असे सांगणारा माणूस मी एकदाच पाहिला आहे आणि त्याचे म्हणणे बरोबर निघाले.

आपल्याकडे मात्र मध्येच उलटा प्रवाह आला. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने तेल टाकून देऊन केबल घेतली. हलकी, स्वस्त, गळत नाही, तुटली तर कोणीही बदलतो. एका नटावर ढील जुळवता येते. मध्यमवर्गातल्या कित्येक पुरुषांनी, आणि थोड्या का होईना स्त्रियांनी, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत हात घातला तो या नटासाठी. ती पिढी आता साठीत आहे आणि अजून भेटली की त्या नटाविषयी बोलते.

त्यानंतर तेल परत आले, पण आटे परतले नाहीत. पुष्कळ गाड्यांत आता खालचा सिलिंडर कडीसारखा गिअरपेटीच्या दांड्याभोवतीच बसवलेला असतो. काटा नाही, दांडी नाही, जुळवणी नाही. कारखान्यात ते सुटसुटीत आहे यात शंका नाही. पण आतले स्वस्तातले वायसर फाटले तर ते बदलायला पूर्ण गिअरपेटी उतरवावी लागते. रस्त्याकडेच्या शेडमध्ये ते होत नाही. जुळवणी संपली याचा आनंद मला पुरता होत नाही तो यामुळे. मेस्त्रीच्या हातातले दोन मिनिटांचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातातले दोन दिवसांचे झाले आणि बिल त्याप्रमाणे वाढले. अ‍ॅस्बेस्टॉस बऱ्याच उत्पादकांनी काढले ही मात्र खरी सुधारणा. पण सगळीकडचे सुटे भाग तसेच असतात असे धरून कोणी कवचात हवा मारू नये. पाण्याने पुसून घ्यावे.

२०१४ मध्ये दोन गोष्टी चार महिन्यांत घडल्या. फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली, जिच्यात गिअरपेटी नेहमीचीच, क्लचही नेहमीचाच, पण क्लच दाबायला माणसाचा पाय नाही, मॅग्नेटी मरेलीची तेलदाबावर चालणारी यंत्रणा. आणि मे महिन्यात उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले. गेल्या वर्षी एका मित्राची अशी पाय नसलेली गाडी नव्या क्लच प्लेटसाठी दाखल होती, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. प्लेट बसवून झाली होती. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने गाडीच्या डॅशखाली स्कॅनरची वायर जोडली आणि पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवले. गाडीत कोणी नव्हते. आत कुठेतरी बारीक मोटर घुरघुरली, क्लच सुटला, धरला, पुन्हा सुटला, पुन्हा धरला. ‘‘काय करतेय ती?’’ मी विचारले.

‘‘काका, नवी प्लेट आहे ना. ती कुठं धरते ते शोधतेय,’’ ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. ‘‘दोन मिनिटं लागतील.’’